बंदूक दिसली की मागं सरायचं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीची परीक्षा. न्याहारी झाली आणि बायको म्हणाली, "बंदूक काढा खुंटीवरची. खाटेवर ठेवा. आपुन दाराआड उभं राहू."

बंदूक ठासणीची, बापाच्या वेळची. रानडुकरांपायी परवाना होता. नळीत बार ठासायचा आणि घोड्याखाली तांब्याची बारीक टोपी बसवायची. टोपी काढली की बंदूक मेली, असं गावात सगळेच मानत. बार आत तसाच राहू देत. दारू कोण वाया घालवतो? बायकोला ते पटत नसे. त्या सकाळी तिनं मला वावरात बार उडवून यायला लावलं, नळीत गज घालून स्वतः पाहिलं, मगच पोरीला आत बोलावलं.

पोर सहा वर्षांची. आठ दिवसांआधी तिनं "हात नाई लावाचा" हे तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं आणि आमची पाठ फिरताच घोडा ओढला होता. तेव्हापासून बायको नुसतं म्हणवून न घेता रोज तिच्याकडून तसं करून घेई. आज ती बंदूक पाहून थांबली. हात मागं बांधले, मागं सरली आणि आजीला शोधत पळाली.

मी हसलो. "तू तं शाळाच उघडली."

"तुमीबी या बसाले त्या शाळेत," बायको म्हणाली. "तुमाले जास्त गरज हाये."

दुपारी तुरीत डुकरं शिरल्याचं कळलं. मी बार भरला, टोपी चढवली आणि निघणार, तर बैल दावं तोडून शेजाऱ्याच्या कपाशीत गेला. बंदूक खाटेला टेकवली अन् धावलो. बैल धरला. तिथंच शेजाऱ्याशी बोलत उभा राहिलो. घराकडून बार ऐकू आला. मला वाटलं, कोणाला तरी डुक्कर सापडलं.

पोरीनं बंदूक पाहिली होती. हात लावला नाही. चुलीपाशी जाऊन म्हणाली, "आजी, बंदूक खाली हाये." बायको कणकेच्या हातानं उठली. सकाळी तिनंच नळी रिकामी पाहिली होती. तिनं नळीला धरून बंदूक वर ओढली आणि घोडा खाटेच्या सुंभात अडकला.

तिला बैलबंडीत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेत होतो. देवळीच्या अलीकडंच ती गेली.

संध्याकाळी साळा आला. त्याच्या बहिणीचं प्रेत अजून चिरफाडीसाठी दवाखान्यात होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, सकाळी ठान्यावरून जमादार येते. लेकरानं ओढली म्हना. सा वर्साच्या पोरीले कोन धरते? तुमी आत गेले तं घर कोन पाहीन?"

मी नाही म्हणालो नाही. लिहायला लाज वाटते, पण नाही म्हणालो नाही.

घरात बाया जमल्या होत्या. जी येई ती पोरीला विचारी, "तू हात लावला का वो, बाई?" पहिल्यांदा ती नाही म्हणाली. मग बोलेनाशी झाली. दिवे लागले तेव्हा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आबाजी, म्या हात लावला होता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार ओट्यावर बसला. मी पोरीचा हात धरून तिला बाहेर आणलं. साळा म्हणाला, "लेकराले कायले आनता?" मी ऐकलं नाही.

"लिहा," मी म्हणालो. "बार म्या भरला. टोपी म्या चढवली. भरली बंदूक टाकून म्या गेलतो. या पोरीनं हात नाई लावला. तिनं आजीले सांगतलं, शिकवलं तसं."

जमादारानं लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढं केला. मी म्हणालो, "आधी मोठ्यानं वाचा. हिले आयकू द्या."