रंभाबाईंचं फ्रेश होणं

लग्न होऊन अर्नाळ्यात आल्या तेव्हापासून रंभाबाई मासळी विकत होत्या. नवरा काशीराम बोटीवर जायचा आणि त्याने आणलेली मासळी पाटीत घालून विरारच्या बाजारात बसायचं काम त्यांचं. सुरुवातीला त्या ‘ताजा हाय, ताजा’ म्हणायच्या. मग चारी बाजूंनी बिल्डिंगी उठल्या आणि फ्लॅटमधल्या बायका येऊन विचारू लागल्या, “फ्रेश आहे का?” तशा रंभाबाईही फ्रेश म्हणायला शिकल्या. कोणी शंका घेतली की पापलेटाचा कल्ला उघडून लाल रंग दाखवायच्या आणि सरळ गिऱ्हाईकाच्या नाकाशी धरायच्या. “हुंगून बघ बाय. फ्रेश हाय, वास नाय.” त्यांच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता. ज्याला वास मारत नाही ते फ्रेश.

मुलगा जितेश इंजिनिअर झाला आणि एका कंपनीत लागला, तेव्हा म्हणाला, “आई, मला फ्रेशर म्हणून घेतलंय.”

“म्हंजे? बाकीच्यांना काय बर्फात ठेवलाय?”

तो हसला. “फ्रेशर म्हणजे नवीन. आधी कुठे काम न केलेला.”

त्या हसून पाटी धुवायला निघून गेल्या. जितेशने ऑफिसातली भाषा घरात फारशी आणली नाही. घरात तो आईसारखंच बोलायचा आणि कामावरून आला की ‘तोंड धुतो’ म्हणून मोरीत जायचा. ऑफिसात तो वेगळं बोलतो हे रंभाबाईंना ठाऊक होतं. फोनवर त्याचा आवाजसुद्धा बदलायचा.

त्याच ऑफिसात त्याला अश्लेषा भेटली. तिचे आईवडील, सुहासिनी आणि दिनानाथ, वसईला एव्हरशाईन सिटीत राहायचे. दिनानाथ बँकेतून निवृत्त झालेले. मुलांनी आपापसात ठरवलंच होतं, आता मोठ्यांनी एकमेकांना भेटायचं होतं. काशीराम समुद्रात होता, म्हणून रविवारी मायलेकच निघाले.

दोन दिवस आधीपासून रंभाबाईंनी मासळीला हात लावला नव्हता. लिंबाच्या साली चोळून चोळून बोटांची कातडी पांढरी पडली होती. केस धुतले, नवी साडी नेसल्या. नेहमीचा काष्टा न घालता गोल नेसल्या, कारण जितेशने तसं सुचवलं होतं. तोंडाने नीट सांगितलं नव्हतं, नुसतं म्हणाला होता, “बघ, तुला वाटलं तर.”

रिक्षात त्यांनी हात त्याच्यापुढे धरले. “बघ रे. येतो काय वास?”

“नाय येत,” तो म्हणाला. त्याने हुंगून पाहिलं नव्हतं.

वाटेत रस्ता खणून ठेवलेला होता. धूळ, ऊन. सोसायटीच्या दारात उतरले तेव्हा दोघांचे चेहरे मातकट झाले होते. सुहासिनीताईंनी दार उघडलं. बाई मनापासून आनंदल्या होत्या, थोड्या गांगरल्याही होत्या. दोघांना बसवलं, पाणी दिलं. रंभाबाई पदराने कपाळ पुसत होत्या ते पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही आधी छान फ्रेश होऊन घ्या ना. आत साबण, टॉवेल सगळं ठेवलंय.”

रंभाबाईंचा हात कपाळावरच थांबला. त्यांनी जितेशकडे पाहिलं.

आईचा चेहरा कसा उतरला ते जितेशने पाहिलं. ती काय समजली तेही त्याच क्षणी त्याला कळलं. ‘आई, तसं नाही, नुसतं तोंड धू,’ एवढं म्हणायचं होतं. पण तेवढं म्हटलं असतं तर आपल्या आईला एवढा साधा शब्द कळत नाही, हे या लोकांना समजलं असतं. तो भिंतीवरचं घड्याळ बघत बसला.

रंभाबाई उठल्या आणि बाथरूममध्ये जाऊन त्यांनी कडी लावली.

आधी नळाचा आवाज आला, मग बादली भरल्याचा, मग तांब्याने पाणी ओतल्याचा. पोह्यांच्या बशा टेबलावर आल्या. चहा गाळला गेला, त्यावर साय धरली. आतून पाण्याचा आवाज येतच होता. अश्लेषाने जितेशकडे प्रश्नार्थक पाहिलं, त्याने मान खाली घातली. दिनानाथ हळूच म्हणाले, “आईंना बरं वाटत नाहीये का?” शेवटी सुहासिनीताईंनी दारावर टकटक केली.

दार उघडलं. रंभाबाई डोक्यावरून न्हाल्या होत्या. केसांतून पाणी गळत होतं. अंग नीट न पुसताच तीच साडी पुन्हा गुंडाळल्यामुळे ती पाठीला चिकटली होती. इतकं घासलं होतं की मनगटं लाल झाली होती. लादीकडे बघत त्या म्हणाल्या, “धुवून आले. आता नाय येनार वास.”

सुहासिनीताईंना उलगडा व्हायला क्षणभर लागला, आणि झाला तशा त्या लालबुंद झाल्या. रंभाबाईंचा दंड धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, कपाटातून आपली साडी काढली.

“अहो, मी हातपाय धुवा म्हटलं हो. प्रवासातून आलात, घाम आलेला... आम्ही सगळ्यांनाच म्हणतो तसं.”

“म्हंजे वासाचा नव्हता?”

“नाही हो. शप्पथ नाही.”

रंभाबाई खाली बसल्या. आपल्याला वास मारतो ही लाज एक वेळ ओळखीची होती. बसमध्ये बायका सरकून बसायच्या तेव्हापासूनची. ही त्याहून वाईट होती. मुलासाठी मुलगी बघायला आलो आणि परक्याच्या घरात अंघोळ करून बसलो. त्यांना हुंदका आला तो त्यांनी टॉवेलमध्ये दाबला. सुहासिनीताई त्यांचे केस पुसत राहिल्या आणि पुन्हा पुन्हा “चुकलं माझं” म्हणत राहिल्या.

परतताना रिक्षात रंभाबाईंच्या अंगावर विहिणीची साडी होती. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, “पोरगी चांगली हाय. लोक चांगली हायेत.”

लग्न झालं, थाटात झालं. रंभाबाई मात्र त्या फ्लॅटकडे पुन्हा फिरकल्या नाहीत. कधी गुडघे दुखायचे, कधी बोट यायची असायची. अखेर नात झाली आणि बारसं अश्लेषाच्या माहेरी ठरलं, तेव्हा जावंच लागलं.

दार सुहासिनीताईंनीच उघडलं. “या” म्हणाल्या आणि घाईने बाजूला सरकल्या. तेवढ्यात आतून त्यांची बहीण पुढे आली. “अगं बाई, विहीणबाई आल्या. मग, आज फ्रेश व्हायचंय की घरूनच होऊन आलात?”

दोघीतिघी हसल्या. रंभाबाईही हसल्यासारखं करू लागल्या. सुहासिनीताईंनी गोष्ट बहिणीला सांगितली होती, बहिणीने आणखी कोणाकोणाला. सुहासिनीताई खाली मान घालून पाळण्याची फुलं सारखी करू लागल्या.

जितेश बाळाला घेऊन उभा होता. “मावशी,” तो म्हणाला, “त्या दिवशी आईला शब्द कळला नव्हता. मला कळला होता. ती चुकीचं समजली हेही कळलं होतं. मी सांगितलं नाही. मला तिची लाज वाटली.”

अश्लेषा त्याच्याकडे बघत राहिली; तिलाही हे माहीत नव्हतं. बहिणीने काहीतरी पुटपुटून स्वयंपाकघर गाठलं.

रंभाबाईंनी त्याच्या हातून नात घेतली आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तो जवळ आला तेव्हा हलक्या आवाजात म्हणाल्या, “कशाला बोललास? मना तवाच कलला होता. तू घड्याळाकडे बघत बसलेलास ना.”

“मग बोलली नाहीस कधी?”

“काय बोलू? माझा पोर तू. लोकांसमोर झाकलेला बरा होता.”

आत बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती. रंभाबाईंनी पदर सारखा केला आणि नातीला घेऊन त्यांच्यात जाऊन बसल्या, जरा कडेला.