उस्तादांची साक्ष

उभ्या गाडीत उस्ताद शिवी दिल्याशिवाय वाक्य पुरं करत नसत आणि चालत्या गाडीत तोंड उघडत नसत. आर्वीहून कापसाच्या गठाणी घेऊन वर्ध्याला निघालो, की वाटेत फक्त इंजिनाचा आवाज. मी मध्येच काही विचारलं तर उत्तर वर्ध्याला गाडी थांबल्यावर मिळायचं, तेही माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाल्यावर.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझं लायसन्स नवंकोरं होतं आणि मिजास त्याहून नवी. घरी भाजीचा मळा. तो सोडून मी आर्वीच्या एका ट्रकमालकाकडे लागलो. तिथली रीत अशी, की नव्या ड्रायव्हरनं आपलं लायसन्स मालकाच्या हवाली करायचं. "हरवशील बेटा, मी सांभाळतो," म्हणत मालक ते ड्रॉवरात टाकायचा आणि किल्ली कमरेला लावायचा. ड्रायव्हर दुसरीकडे पळू नये, एवढाच त्यातला सांभाळ. मीही मुकाट दिलं. बाहेर उस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मला दिलं होतं ते जुने ड्रायव्हर, लाकडी दांडक्यानं टायर ठोकून बघत होते.

"देल्लं?"

"हो, देल्लं."

"अबे बैला, उद्या बायकोबी ठेवशीन का त्याच्या ड्रावरात?"

त्यांचं स्वतःचं लायसन्स सदऱ्याच्या आतल्या खिशात असायचं. ते मागायची मालकाची छाती नव्हती.

पहिला दीड महिना त्यांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "सरकारनं लायसन देल्लं, मी अजून देल्लं नाई." पूल आला की मला खाली उतरवायचे आणि पुढे चालत पाठवायचे. कठडा कुठं फुटलाय, खड्डा किती खोल आहे, ते मी पायानं पाहून सांगायचं. भर उन्हात पुलावरून चालणारा लायसन्सवाला ड्रायव्हर पाहून बाकीचे ट्रकवाले हसायचे. मी मनातल्या मनात उस्तादांना काय काय म्हणत असे, ते इथं लिहिता येणार नाही.

बैलगाडी दिसली की ते गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करत. कापसाच्या हंगामात आर्वीच्या रस्त्यावर बंड्यांची रांग असायची, म्हणजे आमचा निम्मा दिवस उभं राहण्यात जायचा. माझ्या हाती पहिल्यांदा गाडी आली त्या दिवशी मी एका बंडीमागे जोरात हॉर्न दाबला. बैल बुजले, बंडी नालीत कलंडली, कापूस सगळा धुळीत. शेतकरी रडकुंडीला आला. मी खिडकीतूनच म्हणालो, "बैल सांभाळता येत नाई का?" उस्तादांनी माझी मानगूट धरून मला खाली ओढलं.

"येच. एकेक बोंड येच. काडी-कचरा दिसला तर तुलेच खाऊ घालतो."

दुपारभर मी कापूस वेचला. शिव्या देत देत तेही माझ्या शेजारी उकिडवे बसून वेचत होते. शेवटी त्यांनी त्या शेतकऱ्याला हात जोडले, आणि मलाही जोडायला लावले.

पुढच्या हिवाळ्यात मालकाच्या पुतण्यानं दुसऱ्या ट्रकनं बोरगाव मेघेजवळ एका सायकलवाल्याला उडवलं. वांग्यांची टोपली घेऊन बाजाराला निघालेला माळी तो, जागीच गेला. पुतण्याकडे लायसन्सच नव्हतं. मालकानं ड्रॉवर उघडला आणि माझं लायसन्स काढून पोलिसांना दिलं. गाडी मी चालवत होतो, असं लिहून झालं. मग मला बोलावून म्हणाला, "वकील माझा. काही होत नाही. नोकरी जन्मभराची." आणि मी, हात जोडून, "जसं तुम्ही म्हणाल," म्हणालो! माझ्या बापासारखाच भाजीवाला मेला होता आणि मी त्याचा खून अंगावर घ्यायला तयार झालो होतो. आज हे लिहितानाही स्वतःच्या कानाखाली ओढावीशी वाटते.

उस्तादांनी मला विचारलंसुद्धा नाही. ते सरळ ठाण्यात गेले. "हा पोरगा त्या दिवशी माह्यासंग कारंज्याले होता. आमच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलता. ढाबेवाल्याले विचारा. अन् सकाळी आमी निघाच्या आंधी आवारातून ते दुसरी गाडी पुतण्यानं काढली, म्या पाह्यलं." ढाबेवाल्यानं दुजोरा दिला. माझं नाव निघालं, लायसन्स परत मिळालं. उस्तादांना मालकानं त्याच संध्याकाळी कामावरून काढलं.

खटला उभा राहिला तेव्हा त्यांचं नाव गुलाबराव असल्याचं मला कळलं. पुतण्याच्या वकिलानं एकच विचारलं, "तुम्हाला कामावरून काढलंय ना?" ते हो म्हणाले. झालं, साक्ष आकसाची ठरली. खरं बोलला म्हणून काढायचं आणि काढला म्हणून खोटा ठरवायचा! आता दुसरा साक्षीदार मी. किल्ली घेऊन जाताना पुतण्याला मीही पाहिलं होतं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं." उस्तादांचा ट्रक तोवर माझ्या हाती आला होता. पुतण्या सुटला.

त्यानंतर आर्वीत एकाही मालकानं उस्तादांना स्टेअरिंग दिलं नाही. कारंज्याला हमरस्त्यावर ते पंक्चर काढत बसायचे. काही वर्षांनी माझा टायर तिथंच बसला. त्यांनी कामाला हात घातला, मी शेजारी उभा. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "माह्यापाशी काऊन रडतं बे? त्या माळ्याच्या घरी गेलता का कधी?"

"नाई."

"बायको बोरगावच्या नाक्यावर भाजी विकते. जाजो."

त्या नाक्यावरून मी पुढं किती वर्षं गाडी नेली. एकदाही ब्रेकवर पाय ठेवला नाही.

उस्ताद गेले ते मला महिन्यानंतर कळलं. त्या दिवशी मात्र नाक्यावर उतरलो. बाई म्हातारी झाली होती, पुढ्यात मेथी आणि वांगी. मी तिला सगळं सांगितलं. किल्ली कोणी नेली, मी काय पाहिलं, कोर्टात काय बोललो. तिनं हातातला तराजू खाली ठेवला.

"तवा काऊन नाई सांगतलं, भाऊ? लेकरं लहान होते माहे."

 मागून कुणी तरी मेथीचा भाव विचारला आणि ती तिकडं वळली.