चारी

अर्धांगाच्या झटक्यानंतर आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बोलणं बंद झालं होतं. ते खुटबावला पाटकरी होते. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, हे त्यांचं उभ्या जन्माचं काम. आता ते माझ्याकडे शिरूरला खिडकीपाशी नुसते बसून असायचे. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून मी शेजारी बसून पेपरातलं शब्दकोडं मोठ्यानं वाचत सोडवायचे.

त्या दुपारी कोड्यात आलं, 'कालव्याचं पाणी शेतांकडे नेणारा चर, दोन अक्षरं.' शेवटचं 'री' आधीच भरलेलं होतं. "सरी," असं म्हणत मी पेन टेकवलं. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"चारी," ते म्हणाले.

शब्द जड होता, पण स्वच्छ होता. मी जागची हललेही नाही. डोळे मिटून ते थांबत थांबत बोलत राहिले. "चारीतनं दंडात. दंडातनं सरीत." त्यांचं बोट चादरीवरून, शेतातल्या बारक्या पाटांतून पाणी जावं तसं, संथ पुढं सरकत होतं. मला ओल्या मातीचा वास आल्यासारखा झाला, कुठंतरी ऊस सळसळला. खोली, पेपर, रस्त्यावरचे ट्रक सगळं लांब गेलं.

"पानी पोचलं का गं?"

"पोचलं, आप्पा."

नंतर हळूहळू बाकीचे शब्दही परतले. आधी चहा आला, मग औषध. माझं नाव यायला मात्र दिवाळी उजाडली. तोवर ते मला नुसतं "गं" म्हणायचे आणि मी ओ द्यायचे.