बारा क्रेडिटांचा व्हिसा

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षं दुसरंच काहीतरी शिकावं लागतं, हे आईला कधीच पटलं नाही. तिच्या मते डॉक्टर होणारा मुलगा बारावीनंतर थेट मेडिकल कॉलेजात जातो, आणि जो जात नाही त्याला मार्क कमी पडलेले असतात. मला ते पडलेच होते. पण झाकायला ‘प्री-मेड’ हा शब्द फार सोयीचा होता. दुबईत मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कुणी विचारलं की मी म्हणायचो, “प्री-मेड करतोय,” आणि मजला येईपर्यंत समोरच्याला पुढचा प्रश्न सुचायचा नाही.

शारजातल्या ज्या अमेरिकन पद्धतीच्या विद्यापीठात मी जायचो तिथे प्री-मेड नावाची पदवीच नव्हती. होते ते नुसते विषय. बायॉलॉजी, फिजिक्स, थोडं गणित, थोडं इंग्रजी, आणि मधोमध दबा धरून बसलेली ऑरगॅनिक केमिस्ट्री. कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यायचा हे ज्यानं त्यानं ठरवायचं. मी तोवर स्वतःचा शर्टही कधी स्वतः निवडला नव्हता. म्हणून चार वर्षांचा सगळा आराखडा मी ओहायोतल्या आतेभावाला फोनवर विचारून आखला. हा दादा खराखुरा प्री-मेड होता आणि जन्मानं अमेरिकन होता, त्यामुळे त्याचा शब्द आमच्या घरात डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा चालायचा.

“लिसन,” तो म्हणायचा, “जीपीए इज एव्हरीथिंग. एक सी मिळाला ना, खेळ संपला.”

श्रेणींची सरासरी खाली ओढणाऱ्या त्या एका ‘सी’ची मी इतकी धास्ती घेतली की रस्त्यावरच्या पाट्यांतसुद्धा तेच अक्षर आधी दिसायचं.

दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक घेतलं. पहिल्या चाचणीचा पेपर परत देताना आमच्या इराकी सरांनी तो माझ्या बाकावर पालथा ठेवला. बाकीच्यांचे सुलटे ठेवले होते. मार्क सांगत नाही. त्याच संध्याकाळी दादाला फोन लावला.

“ड्रॉप इट,” तो म्हणाला. “हलकं सत्र घे. नेक्स्ट इयर परत घे, ए काढ. आय डिड द सेम.”

दुसऱ्या दिवशी मी विषय सोडायला सल्लागार बाईंकडे गेलो. त्या इजिप्तच्या. सही करण्याआधी चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, “तू पार्ट-टाइम होशील, ठाऊक आहे ना?”

“यस मॅम,” मी म्हणालो, “दॅट इज द प्लॅन.” आणि हसलोही. बुद्धिबळात मुद्दाम प्यादं देणारा माणूस हसतो तसं.

पुढचे दोन आठवडे मी सुखात काढले. ऑरगॅनिकच्या तासाला कॅन्टीनमध्ये शवारमा खात पहिल्या वर्षाच्या पोरांना आराखडा कसा आखावा यावर भाषणं दिली. वर्गात दुसरी चाचणी झाली त्या दिवशी तर दोन शवारमे खाल्ले.

मग एकदा जेवताना बाबा म्हणाले, “अरे, तुझ्या व्हिसाचं रिन्युअल आलंय. ऑफिसात कॉलेजचं सर्टिफिकेट मागताहेत. फुल-टाइम शिकतोय असं लिहून आण.”

घास माझ्या हातातच राहिला.

तिथला नियम सगळ्या घरांना पाठ होता. मुलगी लग्नापर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकते. मुलगा अठराचा झाला की त्यानं दर वर्षी दाखवायचं, की मी पूर्णवेळ शिकतोय. नाहीतर नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा. मलाही हे माहीत होतं, पण घराचं भाडं भरावं लागतं हे माहीत असतं तसं. म्हणजे ते बाबांचं काम.

“माय व्हिसा इज टिल मॅरेज,” धाकटी बहीण पोळी तोडत म्हणाली. “तुझं काय?” हा तिचा दर वर्षीचा विनोद होता. दर वर्षी मी तिला चिमटा काढायचो. त्या दिवशी नाही काढला.

विद्यापीठाच्या खिडकीवर मी सकाळी पहिला हजर. आतल्या माणसानं कॉम्प्युटरकडे पाहिलं. “तुझी तीन विषयांची नऊ क्रेडिट आहेत. फुल-टाइमला बारा लागतात.”

“पण मी फुल टाइम इथेच असतो,” मी म्हणालो. “रोज सकाळपासून.”

“हबीबी,” तो म्हणाला, “कॅन्टीनला क्रेडिट नाही.”

 आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा होता. नापास झाला, सहा-आठ महिने घरी बसला, आणि एक दिवस त्याची आई त्याची क्रिकेटची बॅट आमच्याकडे देऊन गेली. “तो नागपूरला गेला, आता इथे कोण खेळणार,” इतकंच म्हणाली. ती बॅट आमच्या बाल्कनीत होती. कपडे वाळत घालायला गेलो की मी तिच्याकडे पाठ करून उभा राहायचो. माझं भारताशी नातं होतं ते मे महिन्यापुरतं. आंबे खायचे, पोट बिघडवून घ्यायचं आणि परत यायचं. तिकडून परत यायचंच नाही, असा विचार मी कधी केला नव्हता. शिवाय ‘पाठवलेला मुलगा’ म्हणून जायचं.

घरी काही बोललो नाही. बाबा रोज विचारायचे, “सर्टिफिकेट?” मी म्हणायचो, “इन्शाल्ला, उद्या.” बसमधून जाताना पोलिसांची गाडी दिसली की मी खिडकीशी मान खाली घालायचो. व्हिसा संपायला अजून तीन आठवडे होते, पण भीतीला तारखा कळत नाहीत.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही खोर फक्कानच्या समुद्रावर निघालो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे आई, बहीण आणि डबे. डोंगराच्या रस्त्यावर एका वळणानंतर पोलीस उभा होता. त्यानं हात केला. बाबांनी काच खाली केली आणि लायसन्स, गाडीचे कागद पुढे केले. त्यानं ते पाहिले आणि परत देताना सहज माझ्याकडे नजर टाकली.

“स्टुडंट,” मी म्हणालो. “सर, आय ॲम स्टुडंट. फुल-टाइम.”

कुणी काही विचारलं नव्हतं. पोलीस वाकला. “क्या पढ़ता, सदीक?” सदीक म्हणजे दोस्त.

“डॉक्टर.”

“अच्छा,” तो म्हणाला. “डॉक्टर, बेल्ट लगाओ.” आणि हसत पुढच्या गाडीकडे गेला.

गाडी सुरू झाली. बेल्टचं टोक खाचेत बसेना. बाबांनी एका हातानं तो लावून दिला.

“तुला कुणी विचारलं होतं?” ते म्हणाले.

मागून बहीण म्हणाली, “ही इज सो गिल्टी.” आई म्हणाली, “गप गं.” आणि मग मी समुद्र येईपर्यंत सगळं सांगितलं. क्रेडिट म्हणजे काय हेच समजावण्यात एक डोंगर गेला.

किनाऱ्यावर आईनं डबे उघडले, पण पुढ्यात कुणाच्या काही ठेवलं नाही. “सांगलीला मामाशी बोलते,” ती म्हणाली. “तिथे होमिओपॅथीचं तरी बघू. शेवटी तेही डॉक्टरच.” तिनं हे मला धीर द्यायला म्हटलं, आणि मला बाल्कनीतली बॅट आठवली.

बाबा पाण्याजवळ जाऊन बंदरातल्या जहाजांकडे बघत उभे राहिले. मी मागे जाऊन उभा राहिलो. आता ओरडतील म्हणून खांदे आवळून.

“माझा व्हिसा तीन वर्षांचा असतो,” ते म्हणाले. “कंपनीनं पुढे नाही वाढवला तर तुम्ही सगळेच संपलात. दर वेळी शिक्का पडेपर्यंत मला झोप लागत नाही. तुम्हाला हे कळू नये म्हणून मी बोललो नाही. चुकलंच म्हणायचं.”

मी बाबांना आमच्या बिल्डिंगइतकं पक्कं समजत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि माझ्याबरोबर आले. सल्लागार बाई म्हणाल्या, सोडलेला विषय परत घेता येईल, पण शिकवणारे सर तयार झाले तरच. सर तयार झाले. फक्त म्हणाले, “दुसऱ्या चाचणीचा शून्य राहील. तू खात होतास तेव्हा इतर लिहीत होते.” त्यांना शवारमा कसा कळला ते मला आजवर समजलेलं नाही. त्यांनी कागदावर आकडेमोड करून दाखवली. पुढचं सगळं मन लावून केलं तरी फार तर सी.

ते अक्षर त्यांनी शेवटी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

बाबांनी मला मराठीत विचारलं, “सी म्हणजे नापास का?”

“नाही. पास.”

“मग?”

“मग अमेरिका गेली, बाबा.”

“अमेरिका नंतर बघू,” ते म्हणाले. “आधी दुबईत राहा.”

मी सही केली आणि तसाच वर्गात जाऊन बसलो. फळ्यावरचं एक अक्षर कळत नव्हतं. पण शेवटच्या तासापर्यंत उठलो नाही.

शिक्का पडला. सीही पडला. दादाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, “यू शुड हॅव टोल्ड मी अबाउट द व्हिसा थिंग.” मी सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते माझ्या अभ्यासाचा भाग वाटलं नव्हतं.

पुढच्या सत्राचे विषय ठरवताना बाबा प्रथमच माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“बारा आहेत ना?”

“सोळा घेतलीत.”

ते आत आले. मग पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, “सोळा झेपतील का रे तुला?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. या वेळी ‘इन्शाल्ला’ म्हटलं नाही, आणि आम्ही दोघं त्या विषयांच्या यादीकडे बघत बसलो.