टूरच्या यादीत माझं नाव नव्हतं

अलेक्झांड्रियात मला काहीही बघायचं नव्हतं. शहर चांगलं आहे, समुद्र आहे, किल्ला आहे, सगळं आहे. पण मी गेले होते ती आईबाबांना भेटायला. ते नागपूरहून येणार, मी आयर्लंडहून जाणार, आणि भेट जेमतेम सहा तासांची. ऑफिसात ज्याला सांगितलं तो विचारायचा, मग सरळ इंडियालाच का नाही जात? मी म्हणायचे, रजा नाही. साफ खोटं. रजा ढीगभर साठली होती.

खरं कारण असं की माझा नवरा दीड वर्षापूर्वी मला सोडून गेला होता आणि नागपुरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

आमचं घर पोर्टलीशला, आयर्लंडमधल्या एका लहान गावात. मी तिथून जवळच्या औषधांच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये. तो रोज गाडीने डब्लिनला, बॉल्सब्रिजच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. एका रविवारी दुपारी भांडी पुसता पुसता म्हणाला, "मला आता हे जमत नाहीये." मला वाटलं भांड्यांबद्दलच बोलतोय. दुसरी कुणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं. महिन्याभरात तो डब्लिनला खोली घेऊन राहायला लागला. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं तिथे, त्याला हॉट प्रेस म्हणतात, त्यात त्याचे तीन शर्ट राहिले. ते न्यायला तो आला नाही आणि मीही ते तिथून हलवले नाहीत.

आता नागपूरला जायचं म्हणजे माझं माहेर आणि सासर यांत दोन गल्ल्यांचं अंतर. विमानातून उतरल्या उतरल्या सासूबाई हजर, हार घेऊन. त्यानेही त्याच्या घरी काही सांगितलं नव्हतं. त्या एका बाबतीत आमचं दोघांचं अजून छान जमत होतं. दर रविवारी आईचा फोन यायचा आणि मी सांगायचे, तो झोपलाय, तो दुकानात गेलाय, तो आंघोळीला गेलाय. दीड वर्षात त्या माणसाला मी इतक्या आंघोळी घातल्या की त्याची सालटी निघाली असती.

तशात आईबाबांनी इजिप्तची टूर घेतली. आपल्याकडची असते तशी. चाळीस माणसं, एक बस, एक टूर मॅनेजर, सोबत नागपूरचाच आचारी, आणि पिरॅमिडसमोर गरमागरम पोहे. त्यात एक दिवस अलेक्झांड्रिया होतं. कैरोहून सकाळी यायचं, दुपारी चारला परत निघायचं. आईने फोनवर कार्यक्रम वाचून दाखवला आणि माझ्या डोक्यात आलं, हेच बरं. ना माहेर ना सासर, तिऱ्हाईत गाव. त्यांना माझ्या हॉटेलच्या खोलीवर आणायचं, दार लावायचं, सांगून टाकायचं. आई रडेल, रडू दे. बाबा गप्प बसतील. दोन तास त्याला, मग जेवू, मग बस. असा माझा बेत. फोनवर सांगण्याची हिंमत नव्हती म्हणून एवढा द्राविडी प्राणायाम.

व्हिसा काढायला बॉल्सब्रिजला जावं लागलं, वकिलात तिथेच. त्याच्या ऑफिसवरून चालत गेले. काचेतून आत पाहिलं सुद्धा. कुणी ओळखीचं दिसलं नाही. पाऊस होता, छत्री उलटी झाली, आणि मी एकटीच त्या छत्रीवर मराठीतून ओरडले.

हॉटेल स्वस्तातलं निवडलं होतं. समुद्राकाठच्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीचा सहावा मजला, खाली बुटांचं दुकान. लिफ्ट म्हणजे लाकडी पिंजरा, दार आपणच ओढून लावायचं, नाही लावलं तर हलत नाही. काउंटरवर स्वेटर घातलेले एक म्हातारे गृहस्थ. पासपोर्ट पाहून त्यांनी हिंदी सिनेमातल्या एका नटाचं नाव घेतलं, छातीवर हात ठेवला, आणि मग माझ्या मागे बघत विचारलं, "मॅडम, हजबंड?" मी म्हटलं, नो. त्यांना वाटलं मागाहून येतोय. त्यांनी दोन पलंगांची खोली दिली आणि दोन टॉवेल.

मी दोन दिवस आधीच पोचले होते, विमानं त्याच दिवशीची स्वस्त होती म्हणून. ते दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. नोव्हेंबरचा वारा, खिडकीच्या लाकडी झडपा दिवसभर आपटायच्या. चादर दमट, उशी दगड. सकाळी नाश्त्याला उकडलेलं अंडं, पाव, चांदीच्या कागदातलं तिकोनी चीज आणि चहा, आणि त्या खोलीत जेवणारी मी एकटी. म्हातारे गृहस्थ दुसरीही बशी मांडायचे. पहिल्या दिवशी मी ती उचलून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मांडली तेव्हा मला असा राग आला की मी दोन्ही अंडी खाल्ली.

समोर फिरायला जायचे. समुद्राच्या कट्ट्यावर अख्ख्या शहराची कुटुंबं बसलेली, भाजलेली कणसं खात, पोरांना ओढत. पोर्टलीशमध्ये निदान एकटं असायला थंडीचं निमित्त असतं, सगळेच दारं लावून आत. इथे सगळे बाहेर आणि मी त्यांच्यात. मी मनात वाक्यं जुळवत चालत होते. आई, बस, तुला एक सांगायचंय. नको. आई, घाबरू नकोस. छे, त्याने तर ती आधीच घाबरेल. एखाद्या शाळकरी मुलीसारखं पाठांतर चाललं होतं माझं, चाळिशीला टेकलेल्या बाईचं.

तिसऱ्या दिवशी बस आली. त्यांच्या पहिल्या थांब्यावर, ग्रंथालयासमोर, मी उभी होते. आई उतरली, डोक्यावर टूर कंपनीची पिवळी टोपी, आणि मला मिठी मारून आधी काय म्हणाली तर, "अगं, किती वाळलीस! आणि जावई?" मी म्हटलं, "त्याला सुटी नाही मिळाली." झालं. दोन दिवसांचं पाठांतर पाण्यात.

मग मी म्हटलं, चला माझ्या हॉटेलवर, निवांत बसू. बाबा घड्याळ बघून म्हणाले, "आता ग्रंथालय, मग किल्ला, मग जेवण, मग तो रोमन खांब. हॉटेलवर कधी जाणार?" बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. कार्यक्रम छापलेला असला की तो त्यांना सरकारी आदेश. मी म्हटलं, एखादा खांब नाही पाहिला तर काय होतं? ते म्हणाले, "यादीत आहे." यादीत मी नव्हते, हे मी बोलले नाही.

ग्रंथालय बघून सगळे बसकडे आलो. टूर मॅनेजर चांगला होता बिचारा. "मॅडम, नियमात बसत नाही, पण आईबाबांसाठी या," म्हणाला आणि ड्रायव्हरशेजारची घडीची सीट मला उघडून दिली. म्हणजे मी बसले सगळ्या बसकडे तोंड करून. आईबाबा पाचव्या रांगेत. बाबांनी उभं राहून जाहीर केलं, "ही आमची मुलगी. आयर्लंडहून आली, खास." चाळीस लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने माझ्या हातात माईक दिला. या टूरमध्ये तशी पद्धतच होती. जो नवा, त्याने माईकवर दोन शब्द बोलायचे, मग गाणं नाहीतर विनोद.

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. कुणीतरी मागून ओरडलं, "जावईबापूंना कुठं लपवलं?" हशा. मीही हसले. मग तिसऱ्या रांगेतल्या एक काकू, हौशी, गळ्यात दुर्बीण, म्हणाल्या, "ते राहू द्या हो, गुड न्यूज कधी ते सांगा!" पुन्हा हशा. आणि आमची आई, माझी आई, हसत हसत त्यांना म्हणाली, "विचारा बाई, तुम्हीच विचारा! आम्हाला तर ती काही सांगतच नाही."

माझ्या नाकावर राग जन्मापासूनचा. त्या दिवशी तो नाकावरून थेट तोंडात आला. मी माईक धरून म्हटलं, "जावईबापू येणार नाहीत. दीड वर्ष झालं, तो मला सोडून गेलाय. तेव्हा गुड न्यूज वगैरे काही नाही."

फक्त आमचा इजिप्शियन गाइड, त्याला मराठी कुठलं कळायला, तो हसून टाळ्या वाजवायला लागला. दोनदा वाजवल्या, मग थांबला.

मी पाचव्या रांगेकडे पाहिलं. आईने टोपी काढून मांडीवर घेतली होती. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मला ती बस तिथेच थांबावी, मला उतरवून टाकावं, असं झालं. मॅनेजरने माझ्या हातातून हळूच माईक घेतला आणि म्हणाला, "तर, डावीकडे बघा मंडळी, ट्राम."

किल्ल्यापाशी सगळे उतरले. बाबा गाइडच्या मागे मागे गेले, तो दाखवेल तो दगड बघत. आईने मला भिंतीपाशी ओढलं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. चिडली.

"आमच्याशी बोलायला तुला माईक लागतो का?"

"आई, मी तुम्हाला हॉटेलवर नेऊन..."

"घरच्या घरी सांगितलं असतंस तर दार लावून रडले असते. आता मी काय करू? अजून सात दिवस या चाळीस लोकांसोबत खायचं, फिरायचं, फोटोत हसायचं! एकेक जण येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवेल. तू तर मोकळी झालीस सांगून."

ते खरं होतं. मी दीड वर्ष एकटीने सांभाळलेलं गाठोडं भर बसमध्ये त्यांच्या डोक्यावर आपटलं होतं, आणि ते उघडून बघायला त्यांना चार भिंतीसुद्धा ठेवल्या नव्हत्या. मी सॉरी म्हटलं. आई म्हणाली, "सॉरी काय म्हणून राहिली? जाऊ दे." आणि नाक पुसून गटात गेली, कारण ग्रुप फोटो होता.

जेवताना बाबा माझ्याशी एवढंच बोलले, "विमान कधीचं?" मी म्हटलं, परवाचं. "बरं." चार वाजता बस निघाली. आईने खिडकीतून हात केला. बाबा पलीकडच्या बाजूला बसलेले, ते मला दिसले नाहीत. मी बस वळेपर्यंत उभी होते, मग नंतरही थोडा वेळ, कारण हॉटेलवर जाऊन करायचं काय.

दुसरा दिवस मी खोलीतच काढला. नाश्त्याला गेले नाही. मला सारखं वाटत होतं, नवरा गेला तेव्हा निदान आईबाबा होते, खोट्या आंघोळींच्या जोरावर का होईना. आता तेही गेले. आता रविवारी फोन वाजणार नाही, आणि वाजला तर काय बोलायचं? बाहेर समुद्र कट्ट्यावर आपटत होता. मी चादर डोक्यावर घेऊन ढसाढसा रडले. अगदी भोकाड पसरून, लहानपणी रडायचे तसं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दार वाजलं. म्हातारे गृहस्थ. "मॅडम, टेलिफोन. मदर." इजिप्तमध्ये माझा मोबाइल चालत नव्हता, म्हणून आईला हॉटेलचा नंबर देऊन ठेवला होता. मी अनवाणीच काउंटरवर धावले. त्यांनी खुर्ची दिली आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

"झोपली होतीस का?" आईने विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता, पण रागाचाही नव्हता. "ऐक. आज सकाळी पिरॅमिडला जाताना बाबा बसमध्ये उठले. मॅनेजरकडून माईक मागून घेतला. मी म्हटलं, आता हे काय करून राहिले बाप्पा! आयुष्यात कधी सत्यनारायणाला दोन शब्द बोलले नाहीत."

"काय बोलले?"

"म्हणाले, काल माझ्या मुलीनं सांगितलं ते खरं आहे. आम्हालाही तुमच्यासोबतच कळलं. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता मला विचारा. नंतर जेवणाच्या रांगेत माझ्या बायकोला विचारायचं नाही."

"मग? कुणी विचारलं?"

"त्या दुर्बीणवाल्या बाईनं. मला वाटलं, झालं, ही आता काहीतरी खोदून काढणार. तर तिनं विचारलं, मुलगी कशी आहे हो? बरी आहे ना? आणि बाबांना सांगता येईना. माईक हातात धरून नुसते उभे. मग म्हणाले, मी विचारलंच नाही. आणि येऊन बसले. दिवसभर पिरॅमिडकडे पाहिलं नाही त्यांनी. घे, बोल."

फोनमध्ये थोडी खरखर झाली. मग बाबांचा खाकरा.

"कशी आहेस?" त्यांनी विचारलं.

मजेत, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"बरी नाहीये, बाबा. फार एकटं वाटतं."

"हं," ते म्हणाले. "सांग."

मी सांगायला लागले. तो भांडी पुसत होता तिथपासून. बाबा मध्ये काही बोलले नाहीत, आणि त्यांनी फोन आईकडे दिला नाही.