मास्तरांचा डाव कोणाचा?

मास्तर कपडे शिवतात. शेजारच्या गाळ्यात त्यांच्या बायकोचा भाऊ सलून चालवतो. मधल्या प्लायवूडच्या भिंतीला एक खिडकी पाडली आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खिडकीच्या फळीवर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. लग्न झाल्यापासून मास्तर मेहुण्याकडून हरत आले आहेत.

एका दुपारी ते जिंकले. नुसते जिंकले नाहीत. वजीर फुकट देऊन त्यांनी प्याद्यानं मात केली. तोंडाला साबण लावून बसलेल्या एका गिऱ्हाइकानं टाळ्या वाजवल्या.

पुढे तोच माणूस हा डाव स्वतःचा म्हणून चहाच्या टपरीवर मांडून दाखवू लागला. मास्तरांच्या जिवाची तगमग सुरू झाली. आयुष्यात एकच डाव साधला, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर.

मी साहित्याचा पदवीधर आहे, म्हणजे दुपारी मोकळा असतो.

"साहित्यिक," मास्तर म्हणाले, "पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो ना?"

"असतो."

"मग डावावर खेळणाऱ्याचा असणार. अर्ज लिही."

अर्जाला डावाचं वर्णन जोडायचं होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मला बुद्धिबळ येत नाही. पण भाषा बरी आहे.

खिडकीतून मेहुण्याचं डोकं आत आलं.

"भाऊजी, यात माझं नाव कुठंय?"

"तुझं कशाला? तू हरलास."

"हरलो, पण मन लावून हरलो. मी घोडा तिथं टाकला नसता तर तुमचा वजीर अजून घरीच बसला असता."

"कापड गिऱ्हाइकाचं असतं. म्हणून कोट त्यानं शिवला असं होत नाही."

"केसही गिऱ्हाइकाचेच असतात, भाऊजी. पण कापताना मान तोच वाकवून धरतो. त्याचं काहीच नाही?"

डबा घेऊन आलेली मास्तरांची बायको म्हणाली, "दोघांची नावं घाला आणि जेवून घ्या."

कोणीच जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं लेखनहक्काची नोंद करणाऱ्या कचेरीत गेलो.

टेबलामागच्या बाईंनी अर्ज चाळला. "खेळ्या म्हणजे घडलेली गोष्ट. तिच्यावर कोणाचा हक्क नसतो. तुम्ही आत्ता आमचा जिना चढलात. तो चढ तुमच्या नावावर करून देऊ का?"

"बाई, मी वजीर दिला," मास्तर म्हणाले.

"वाचलं मी."

"तो कोणी देत नाही."

मेहुण्यानं विचारलं, "आणि कोडं असलं तर? एकट्यानं घरी बसून रचलेलं?"

"त्यावर वाद घालता येईल. ते एका डोक्यातून येतं."

मास्तर पुढे सरकले. "मग माझ्या डावाची शेवटची मांडणी कोडं म्हणून लावा."

"त्या कोपऱ्यात काळा राजा कोणी नेला?" मेहुणा म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझं वर्णन उचललं आणि शेवटपर्यंत वाचलं.

"हे मात्र चालेल."

"डाव?"

"वर्णन. ज्याचे शब्द, त्याचा हक्क. कोणी लिहिलंय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

नोंद माझ्या नावावर झाली. तेव्हापासून मास्तर गिऱ्हाइकापुढे पट मांडण्याआधी मला विचारतात. "साहित्यिक, यांना आपला डाव दाखवू का?" मी दाखवा म्हणतो. हक्क तुमच्या नावावर करून देतो म्हटलं, तर ते खिडकीकडे बघत नको म्हणाले. "मग हा अर्धा मागेल."

परवा मास्तरांनी ते वर्णन पहिल्यांदाच नीट वाचलं. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"तू उंट सरळ चालवलायस."

उंट तिरका चालतो, हे मला तेव्हा कळलं.

मेहुण्यानं खिडकीतून हात घालून कागद ओढला. वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला. "भाऊजी, या हिशेबानं मी हरलेलोच नाही."

मी उठलो. कचेरीत जाऊन दुरुस्ती करून येतो म्हणालो. मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. सुईत दोरा ओवला.

"राहू दे," ते म्हणाले. "आता हा डाव मांडून दाखव म्हणावं त्या टाळ्या वाजवणाऱ्याला टपरीवर."