शांताच्या पाठीवरचा पंजा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट नवी नवरी असताना मी फारच शहाणी होते! चिंचेखाली भूत दिसलं म्हणून जावा घाबरल्या, तर मी रुबाबात चप्पल भिरकावली... ती बसली टमरेल घेऊन गेलेल्या सासऱ्यांना. आता मीच असलं काही लिहितेय, याचं मलाच हसू येतंय.

वडवणीजवळ आमचं माहेर, मेंढपाळांचं. आई छातीतल्या गाठीने गेली. गेल्या वर्षी माझी नात अश्विनी पुण्याहून आली. ती कॅन्सरवर संशोधन करते — रक्तातून माणसाचा जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा आराखडा, वाचायचा, कॉम्प्युटरवर हजारोंच्या जीनोमशी ताडायचा आणि बिघाड हुडकायचा. तिला आम्हा तिघी बहिणींचं रक्त हवं होतं. मी दिलं, मंदाने दिलं. धाकटी शांता अडून बसली.

"मला काय धाड भरलीय? न्हाई देनार."

"मावशीआज्जी, हा बिघाड आईकडून लेकीत येऊ शकतो. लवकर कळलं तर वाचता येतं गं!"

"आन् कळून जिवाला घोर लावून घेऊ व्हय?"

पोरीचे डोळे भरून आले.

त्याच दुपारी आम्ही तिघी शांताच्या अंगणात शेंगा फोडत होतो. शांता सूप आणायला उठली अन् मंदा किंचाळली, "अगं, पाठीला काय लावलंस?"

शांताच्या पोलक्यावर गेरूचा पंजा... ओला! करंगळी वाकडी — थेट आमच्या आईसारखी.

"आक्का, तुज्या बी पाठीवर हाय की गं!" शांता माझ्या मागून ओरडली.

मंदाची पाठ मात्र कोरी.

आजारी मेंढरू औषधपाण्यासाठी वेगळं काढायचं असलं, की आई त्याच्या पाठीवर असाच पंजा उठवायची. पण मेंढरं विकून कैक वर्षं झाली. घरात गेरूचा खडासुद्धा नव्हता.

शांताने अश्विनीला हाक मारून अंगणात बोलावलं. मग तिच्यापुढे हात केला. "घे रक्त. आईनं वेगळं काढलंय मला."

रिपोर्ट आले. बिघाड शांतात आणि माझ्यात, मंदात नाही. मग दोघींच्या छातीची तपासणी झाली; माझी स्वच्छ निघाली. शांताला तुरीच्या दाण्याएवढी गाठ सापडली. ऑपरेशन झालं, गाठीचाही जीनोम वाचून औषध ठरलं. डॉक्टरांनी विचारलं, "अश्विनी तुमची नात का?" म्हटलं, "मग काय! नाक बघा की तिचं!"

पुढे मी अश्विनीला छेडलं, "विचार तुझ्या कॉम्प्युटरला, पंजा कुणाचा?"

"आज्जे, त्याला नमुना लागतो. पोलकी कुठायत?"

ती तर आम्ही दोघींनी त्याच दिवशी खसाखसा धुतली होती!

पंजा कुणाचा, मला अजून सांगता येत नाही. शांता मात्र कालच फोनवर तासभर भांडली माझ्याशी.